दिपोटी, निकाल आणि मास्तरांची पत

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आपल्या बेळगावात दोन दिवस दुसरा विषय नसतो. राज्यात आपला शैक्षणिक जिल्हा कितवा आला, चिक्कोडी वर की आपण वर, कुठल्या शाळेचा शंभर टक्के, कुठल्या शाळेनं नाक कापलं. चहाच्या टपरीपासून बीईओ ऑफिसपर्यंत हेच. आपल्या मंडळाच्या बैठकीतही यंदा हाच वाद निघाला. एक सभासद म्हणाले, "ज्या शाळेचा निकाल कमी, तिथल्या मास्तरांची वेतनवाढ थांबवा की, आपोआप सुधारतील." त्यावर दोघे निवृत्त शिक्षक असे उसळले की इतिहासाचा ठरलेला विषय बाजूलाच राहिला. शेवटी मला सांगण्यात आलं, "तुम्हीही मास्तर होता. नुसतं भांडू नका, याचा इतिहास काय तो लिहून आणा." म्हणून हा निबंध.

आधीच सांगून टाकतो, की हा वाद नवा नाही. मुलं किती पास झाली ते मोजून शाळेला पैसे द्यायचे, हा प्रयोग आपल्या मुंबई इलाख्यात दीडशे वर्षांपूर्वी झालेला आहे. तो कसा आला, का आला, कोणाला हवा होता आणि सरकारनंच तो का मोडीत काढला, एवढं कळलं तर आजचा वाद जरा शहाणपणानं करता येईल.

पंतोजीचा हिशेब

इंग्रजी अमलाआधी आणि नंतरही बरीच वर्षं गावठी शाळा पंतोजीच्या होत्या. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात शाळा भरायची. धुळाक्षरं, मोडी वाचन-लेखन, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे पाढे, आणि जमाखर्चाची तोंडओळख. पंतोजीला धान्य, सणावाराला काही जिन्नस आणि थोडे पैसे मिळत. त्याची परीक्षा घ्यायला सरकारी माणूस येत नसे. पोराला बाजारातला हिशेब जमला, आलेली चिठ्ठी वाचता आली, की बापाच्या लेखी पंतोजी पास.

या व्यवस्थेचं गोडवं गायचं कारण नाही. त्या ओसरीवर मुली नव्हत्या आणि अस्पृश्यांची मुलंही नव्हती. कुणब्याचं पोर आलंच तर कोपऱ्यात. पण मास्तरचा हिशेब ज्याचा त्याच्याशी, समोरासमोर होता, एवढी गोष्ट लक्षात ठेवू.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर चित्र बदललं. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं, डायरेक्टर आले, विभागवार इन्स्पेक्टर आणि त्यांच्या हाताखाली डेप्युटी इन्स्पेक्टर आले. हेच आपल्या आजोबा-पणजोबांचे 'दिपोटी'. १८६० नंतरच्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठरला. म्हणजे शाळेचा पैसा आता रयतेच्या पट्टीतून आणि सरकारी तिजोरीतून येऊ लागला. पैसा देणारा लांब गेला की तो पावती मागतो. ती पावती म्हणजे परीक्षेचा निकाल.

विलायतेतला नियम

निकाल पाहून पैसे देण्याची कल्पना इथली नव्हे. इंग्लंडात शाळांवरचा सरकारी खर्च वाढत चालला होता आणि पैसा वाया जातो अशी ओरड होती. तेव्हा शिक्षणाचा कारभार पाहणारे रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये सुधारित नियमावली आणली. पार्लमेंटात त्यांनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की ही पद्धत स्वस्त पडली नाही तर कामाची तरी ठरेल आणि कामाची ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल.

हिशेब असा. एका मुलामागे शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १२ शिलिंग. त्यातले ४ हजेरीचे, उरलेले ८ परीक्षेवर. वाचन, लेखन आणि गणित हे तीन विषय. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाला तपासणार, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापणार. इतिहास, भूगोल, गाणं, चित्रं यांना त्या ८ शिलिंगांत जागा नव्हती. साहजिकच अनेक शाळांनी त्यांच्यावरचा वेळ कमी केला.

पहिल्या काही वर्षांत सरकारचा खर्च खरोखरच खाली आला. त्या अर्थानं लोसाहेबांचं म्हणणं खरं झालं. पण मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी म्हणून आपल्याला माहीत असलेले गृहस्थ पोटापाण्याला शाळा-इन्स्पेक्टर होते आणि त्यांनी पहिल्यापासून या नियमाला विरोध केला. मुलं वाचनाचं पुस्तक अख्खं पाठ करून बसतात, वाचता येत नसलं तरी पास होतात, आणि मास्तर यंत्रासारखा तेवढंच घोकून घेतो, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार कारकुनाची नाही, वर्षानुवर्षं शाळांतून फिरणाऱ्या तपासनिसाची आहे, म्हणून तिला वजन आहे.

मुंबई इलाख्यात

हीच पद्धत १८६५-६६ च्या सुमारास, सर अलेक्झांडर ग्रँट डायरेक्टर असताना, मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांना लागू झाली. खासगी शाळा आणि मिशनच्या शाळा यांना सरकारी मदत हवी तर इयत्तावार ठरलेल्या परीक्षेत किती मुलं उतरली, त्यावर ती मिळायची. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच, तो १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. तेव्हा हा सगळा इतिहास आपल्या घरचाच समजायला हरकत नाही.

सरकारी आणि लोकल फंडाच्या शाळा खात्याच्याच, त्यांना अनुदानाचा प्रश्न नव्हता. पण दिपोटीची वार्षिक परीक्षा तिथंही होती. आणि मास्तरचं नाव, बढती, बदली, सगळं त्या शेऱ्यावर लटकलेलं. आमचे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. ते पुढच्या काळातलं सांगत, पण ढाचा तोच. दिपोटी येणार म्हणून आठ दिवस आधी शाळा सारवायची, पोरांनी धुतलेले कपडे घालायचे, भिंतीवर नकाशे लागायचे. हुशार पोरं पुढच्या रांगेत. आणि जी पोरं अडखळणार हे माहीत आहे त्यांच्या घरी निरोप, "उद्या गुरं राखायला पाठवलं तरी चालंल." आजोबा हे हसत सांगायचे. आम्हीही हसायचो.

या खात्यातली माणसं सगळी आकडेमोड करणारी होती असं मात्र नाही. कन्नड मुलूख ज्यांना आजही 'डेप्युटी चन्नबसप्पा' म्हणूनच ओळखतो, ते चन्नबसप्पा याच शिक्षणखात्यातले. हुद्दा नावालाच चिकटून बसला, एवढं त्या हुद्द्याचं वजन. तेव्हा या भागातल्या कन्नड गावांतही बऱ्याच ठिकाणी शाळेत मराठी चालत असे. कन्नड मुलांना कन्नडमधून शिकवलं पाहिजे म्हणून चन्नबसप्पा आणि दक्षिण विभागाचे इन्स्पेक्टर रसेल यांनी खटपट केली आणि कन्नड शाळा उभ्या राहिल्या.

आपण मराठी मंडळींनी ही गोष्ट मोकळ्या मनानं सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या आजच्या गाऱ्हाण्याचीच दुसरी बाजू आहे. आणि तिच्यात आपल्या विषयाचाही एक मुद्दा आहे. किती हजर, किती पास, एवढेच रकाने पाहणाऱ्याला ही मुलं ढ दिसली असती. मास्तर काय बोलतो हे समोरच्या पोराला कळतंय का, हे कळायला वर्गात जाऊन बसावं लागतं आणि पोरांची भाषाही यावी लागते. चन्नबसप्पांना ती येत होती.

जोतीरावांचं निवेदन

इथवर वाचून कोणी म्हणेल, तपासणी आणि निकाल म्हणजे साहेबांनी मास्तरांच्या गळ्यात घातलेलं लोढणं. पण गोष्ट इतकी सरळ नाही. ३ फेब्रुवारी १८८२ रोजी सरकारनं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन नेमलं. आपल्या इलाख्यातून काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे एक सभासद होते. या कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये पुण्याहून लेखी निवेदन दिलं. शाळा आणि मास्तर यांच्याबद्दल त्यात जे आहे ते बारकाईनं वाचण्यासारखं आहे.

जोतीरावांची मूळ तक्रार अशी, की सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकरी देतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. मास्तरांविषयी ते म्हणतात, की पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो आणि बहुतेक मास्तर प्रशिक्षण न घेतलेले असतात. शेतकरी वर्गातले प्रशिक्षित मास्तर नेमा, त्यांना कमीत कमी १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये द्या, गावच्या कारभारात त्यांना मान मिळेल अशी कामं द्या. शेतीची आणि आरोग्याची माहिती अभ्यासात घ्या.

आणि तपासणी? ती त्यांना जास्त हवी होती. दिपोटी वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, तीन महिन्यांतून एकदा तरी यावं, आणि मधूनमधून न कळवता यावं, असं त्यांनी सुचवलं. पुढचा मुद्दा तर आपल्या वादाच्या गाभ्यालाच हात घालतो. ज्या खेड्यातल्या मास्तरची जास्त मुलं पास होतात त्याला उत्तेजन म्हणून पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असंही त्यांनी मागितलं.

हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो. निकालावर पैसे मागणारे जोतीराव? पण १८६९ साली त्यांनी 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा लिहिला होता, तो आठवला की उलगडा होतो. कुणब्या-माळ्याच्या पोराकडे वर्गात मास्तर बघतच नाही, त्याला शिकवण्याचा त्याला उत्साह नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या पोराच्या बापाला अर्ज लिहिता येत नाही, मास्तरला जाब विचारायची त्याची हिंमत नाही. मग मास्तरवर कोणाचा धाक? म्हणून अचानक तपासणी, म्हणून भत्ता. ज्याचं मूल मागे पडतंय त्याला मोजणी हवीच असते. हे शिक्षकांच्या बाजूनं बोलताना आपण फार लवकर विसरतो.

पण जोतीरावांनी मागितलेला भत्ता हा *वरचा* होता. आधी पोटभर पगार, शिकवायचं प्रशिक्षण, गावात मान, मुलांच्या जगातला अभ्यासक्रम, वरचेवर भेट देणारा तपासनीस, आणि या सगळ्यावर भत्ता. कमिशननं १८८३ च्या अहवालात काय केलं? कॉलेजांना निकालावर अनुदान देऊ नये म्हटलं, पण अनुदानित प्राथमिक शाळांना मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरच द्यावी, अशी शिफारस केली. सक्तीचं शिक्षण राहिलं, मास्तरचा पगार राहिला. मोजणी तेवढी चालू राहिली. ती सगळ्यात स्वस्त होती ना.

१९०४ चा ठराव

पुढं वीस वर्षं हे चाललं. तोपर्यंत इंग्लंडात ही पद्धत १८९० नंतर टप्प्याटप्प्यानं मोडीत निघाली होती. तिथले निवृत्त मुख्य इन्स्पेक्टर एडमंड होम्स यांनी १९११ मध्ये पुस्तक लिहून या पद्धतीनं शिक्षकांचं आणि मुलांचं किती नुकसान केलं ते सविस्तर मांडलं. जन्मभर तपासणीत घालवलेल्या माणसाची ही कबुली होती.

आपल्याकडे ११ मार्च १९०४ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या सरकारचा शिक्षणधोरणाचा ठराव निघाला. कर्झन म्हणजे काही आपला जिव्हाळ्याचा माणूस नव्हे, पण या ठरावात परीक्षांबद्दल जे आहे ते आजही कापून भिंतीवर लावावं असं आहे. परीक्षांचा पसारा बेसुमार वाढला, लेखी परीक्षेत जे तपासता येत नाही ते शिकवणं मागे पडलं, मास्तर आणि विद्यार्थी दोघंही अभ्यासापेक्षा परीक्षक काय विचारेल याच्यामागे लागले, आणि निकालावर अनुदान देण्याच्या रिवाजानं हे जास्तच वाढवलं, अशी सरकारनं स्वतःच कबुली दिली. मग शाळेची लायकी कशावर ठरवायची? ठरावात यादीच आहे: पटावरची हजेरी, इमारत, गावाची परिस्थिती, शिक्षकांची पात्रता, शिकवण्याचं स्वरूप, शाळेला इतर ठिकाणाहून मिळणारा पैसा.

'गावाची परिस्थिती' हे शब्द १९०४ चे आहेत. आज निकालाच्या तक्त्यात हा रकाना कुठे आहे, मला तरी दिसलेला नाही.

आपला काळ

साहेब गेला, प्रांत बदलला, दिपोटीचे बीईओ आणि सीआरपी झाले. प्रश्न तिथंच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना ती मुभा पुन्हा दिली. आपल्या कर्नाटकात पाचवी, आठवीपासून बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायच्या की नाही यावर हायकोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या निकालांना स्थगिती दिली.

त्याच वर्षी दहावीच्या परीक्षा केंद्रांत कॅमेरे बसले आणि वेबकास्टिंग सुरू झालं. २०२३ चा राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता, तो २०२४ मध्ये ७३.४० वर आला, आणि तेही वाढीव कृपागुण देऊन. एका वर्षात राज्यभरचे मास्तर दहा टक्क्यांनी नालायक झाले असं कोणी म्हणणार नाही. मग आधीच्या आकड्यावरून आपण कोणाला हार घातले आणि कोणाला नोटिसा दिल्या, हा प्रश्न विचारायला हवा.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००२ पासून शाळांवर निकालाची सक्ती करणारा कायदा होता. तिथल्या अटलांटा शहरात २०११ साली सरकारी चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या गैरप्रकारात सापडले. काही शिक्षक चक्क बसून चुकीची उत्तरं खोडत होते.

आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांचं दुखणं आणखी वेगळं. पट घटत चालले आहेत. दहावीच्या वर्गात १४ मुलं असली तर एक मूल म्हणजे सात टक्के. एक पोरगं नापास झालं की शाळा ९२.८६, दोन झाली की ८५.७१. चारशे मुलांच्या शाळेला जो धक्का जाणवणारही नाही, त्यात लहान शाळा यादीच्या तळाला जाते. पुढच्या वर्षी तीच शाळा, तेच शिक्षक, आणि शंभर टक्के. यातून मास्तर कसा शिकवतो हे कळत नाही. यंदा पोरं कोण होती एवढंच कळतं.

आता एक गोष्ट, जी मी कुठं बोललेलो नाही. मी एका शाळेत होतो, नाव घेत नाही. वर्गात १५ मुलं. एकाचे आई-बाप बांधकामाच्या कामाला गोव्याला, पोरगा आजीकडे. कधी यायचा, कधी नाही. हिशेबात पक्का, पण लिहायचा कंटाळा आणि इंग्रजीच्या नावानं शून्य. डिसेंबरात वरिष्ठांनी बोलावलं आणि म्हणाले, "सर, हा एक जण सगळ्यांना खाली ओढतोय. याला पुढच्या वर्षी खासगीत बसवू. आजीला समजावा." मी आजीला समजावलं. तिनं विचारलं, "पुढल्या वर्षी नक्की बसंल न्हवं?" मी हो म्हणालो. अर्जावर माझी सही आहे.

तो परत शाळेकडे फिरकला नाही. त्या वर्षी आमचा निकाल शंभर टक्के लागला. पेपरात फोटो आला, त्यात मी दुसऱ्या रांगेत उभा आहे. आजोबांच्या गोष्टीतलं "गुरं राखायला पाठवलं तरी चालंल" त्या दिवसापासून मला हसू आणत नाही.

मग करायचं काय

मास्तरांचं कोणी काही तपासूच नये, असं मी म्हणत नाही. मी नोकरीत असताना वर्गावर न जाणारे, पोरांना नावानं न ओळखणारे लोक पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातली गरीब पोरं कोणाकडे दाद मागणार? जोतीरावांचा प्रश्न अजून जिवंत आहे. पण त्यांचं उत्तर पुरतं घ्यायला हवं, सोयीचं तेवढं नको. तपासनिसानं वर्षातून चार वेळा यावं, न सांगता यावं, वर्गात मागच्या बाकावर बसावं, मागच्या बाकावरच्या पोराशी त्याच्या भाषेत बोलावं. आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा: आठवीत पटावर किती होते आणि दहावीला बसले किती. तो रकाना असता तर मला ती सही करावी लागली नसती. निदान ती कोणाला तरी दिसली असती.

शेवटी मंडळाची एक विनंती. जुन्या मराठी शाळांचे हजेरीपट, दाखलानोंदी, दिपोटींची शेरेबुकं यांची सध्या सर्रास रद्दी होते आहे. शाळा बंद पडली की कपाटासकट जातात. कोणाच्या माळ्यावर, कोणा निवृत्त गुरुजींच्या ट्रंकेत असं काही असेल तर टाकू नका. आम्हाला कळवा, आम्ही येऊन बघू, नकला करून मूळ कागद परत देऊ. तपासनिसानं काय लिहिलं ते तर त्यात सापडेलच. पण पटावर नाव असून परीक्षेच्या दिवशी गैरहजर असलेली मुलंही त्याच पानांवर आहेत, आणि त्यांचा हिशेब अजून कोणी केलेला नाही.